उजव्या पंखाचं ठिगळ

विमान घेतलं ते थंड मुलखातून आलेलं.
कागदांवर आधीचे चार मालक, सगळे बर्फाळ गावांचे,
आणि पंखांच्या कडेला काळं रबर.
वहीत त्याचं नाव : बूट.

उदगीरच्या मोंढ्यात हसले सगळे.
हमालाच्या पायात चप्पल नाही, अन् विमानाला बूट!
मन्मथअप्पा म्हणाले, काढून टाक,
वजन तरी कमी होईल.
लातुरात बर्फ असतो तो रसवंतीत.

मीही हसलो.
पण काढले नाहीत. का, ते सांगता येत नाही.

मे महिन्यात हँगरचा पत्रा तापायचा
आणि रबराला भेगा पडायच्या, टाचांना पडतात तशा.
नियमाप्रमाणे हैदराबादहून साहेब यायचे,
जेवून, सही करून जायचे.
ठिगळं लावायचा हबीब तांबोळी, औसा रोडचा,
ट्रॅक्टरच्या ट्यूबांवर हात बसलेला.
थुंकी लावून बुडबुडा शोधायचा,
सोल्युशन फासून फुंकर घालायचा,
आणि दरवेळी तेच विचारायचा :
मालक, हे फुगतं कशापायी?
मी सांगायचो पुस्तकातलं.
बर्फ चढला की बटण दाबायचं.
रबर फुगतं, बर्फ तडकतो, वारा घेऊन जातो.
तो मान हलवायचा,
दुसऱ्याच्या गावची जत्रा ऐकावी तशी.

फेब्रुवारीत नागपूरहून येताना
हबीब शेजारी होता. लेकीचं बाळ बघून परतत होता,
पहिल्यांदाच वर.
तेरा हजार फुटांवर ढगात शिरलो.
आधी काचेच्या कोपऱ्यात मिठाचा पापुद्रा,
मग पंखाच्या कडेवर
पांढरं, खडबडीत, बत्ताशासारखं काहीतरी.
इंजिनं तीच, जोर तोच,
वेगाचा काटा मात्र मागे मागे.

जुनं पुस्तक सांगतं, बोटभर जाडी होऊ द्या.
नवं सांगतं, दिसला की दाबा.
मी दोन पुस्तकांच्या मधे, घसा कोरडा.
हबीब म्हणाला, दाबा की.

दाबलं.
डावा पंख फुगला
आणि तुरीचं फोल सुटावं तसा बर्फ सुटला.
पंख्यावरून उडालेले तुकडे पत्र्यावर आपटत होते,
चाळणीत खडे वाजतात तो आवाज,
तीस वर्षं मिलमध्ये ऐकलेला.
इथे ऐकला आणि पोटात कालवलं.

उजवा फुगला नाही.
हबीब त्याच्याकडेच बघत होता.
'मार्चातलं ठिगळ,' तो म्हणाला,
'तिसरं. आतल्या अंगाचं.'
एवढंच. शपथ नाही, माफी नाही.

विमान उजवीकडे ओढू लागलं,
जोडीतला एक बैल अडावा तसं.
रेडिओवर खाली यायची परवानगी मागितली,
आवाज माझा वाटत नव्हता.
अकरा. दहा. आठ हजार.
ढगाखाली आमची ती ऊब होती,
जिला मी दर उन्हाळ्यात आईमाईवरून बोलतो.
तिने पंखाला हात लावला.
मांजरा नदीच्या अलीकडे कुठेतरी
उजव्या कडेचा अख्खा पट्टा
सुटला, एकदमच,
आणि खाली कुणाच्या हरभऱ्यात गेला.
तलाठ्याने पंचनाम्यात गार म्हणून लिहिला असेल.

उतरल्यावर पाय लटपटत होते. माझे.
हबीबने शेपटीच्या सांध्यात अडकलेला खडा काढला,
लिंबाएवढा. जिभेला लावला.
म्हणाला, चव नाही हो कसलीच.
आणि तिथेच उकिडवा बसून
उजवं रबर सोलायला लागला.

संध्याकाळी पोरासोबत पावती आली,
निळ्या कार्बनची, नेहमीच्याच पुस्तकातली.
काम : पंक्चर, एक.
वाहन : इथे आधी ट्रॅक्टर लिहून खोडलेलं,
वर बारीक अक्षरात, विमान.
रक्कम लिहिलीच नव्हती.